पाटीवरच्या नावाचा माणूस

बारा डिसेंबर आठवड्यावर आला होता. आंबेगाव तालुक्यातल्या एका तरुण मंडळाची बैठक देवळाच्या ओट्यावर बसली होती आणि त्यांनी मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मंडळाला नाव हुतात्मा बाबू गेनू यांचं. फ्लेक्स केवढा, हार कुठून आणायचे, प्रभातफेरी कोणत्या आळीतून काढायची, जेवणाला तांदूळ कोण देणार, हे सगळं अर्ध्या तासात ठरलं. पोरं कामाची होती. मी सहज विचारलं, "बाबू गेनू मुंबईत राहायला कुठे होते रे?" कोणी बोललं नाही. "गिरणीत कोणत्या खात्यात होते?" पुन्हा सगळे गप्प. "त्या दिवशी रस्त्यावर त्यांच्याबरोबर कोण कोण होतं?" मग मी म्हटलं, यंदा फ्लेक्सच्या जोडीला एवढं करू या. हे शोधून काढू या. तिथे वादाला तोंड फुटलं आणि दिवेलागणीला बसलेली बैठक रात्री दहाला उठली.

त्या रात्री पुढे आलेले आक्षेप मी घोडेगावात, ओतूरला, नारायणगावातही थोड्याफार फरकाने ऐकले आहेत. कुठे मंडळाचं नाव वेगळं असतं, कुठे माणूस वेगळा असतो, आक्षेप मात्र तेच. ते घेणारी माणसं मंडळावर जीव असलेली आहेत. रात्री दोनला कोणाची गाय विहिरीत पडली तर दोर घेऊन धावणारी हीच. म्हणून त्यांचं म्हणणं उडवून न लावता एकेक घेऊन उत्तर द्यायला हवं.

पहिलं म्हणणं असं की, जे माहीत असायला हवं ते सगळ्यांना माहीत आहे. महाळुंगे पडवळचा पोरगा, मुंबईला गिरणीत कामाला, १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापडाची मोटार अडवायला आडवा पडला, मोटार अंगावरून गेली, बाविसाव्या वर्षी हुतात्मा झाला. आणखी काय खणायचं?

एवढं माहीत आहे ही चांगलीच गोष्ट. पण हा हिशेब करून पाहा. यातले महाळुंगे आणि गिरणी हे दोन शब्द सोडले तर बाकी सगळं एका सकाळचं आहे. बावीस वर्षांच्या आयुष्यातली एक सकाळ आपण घेतली आणि उरलेली बावीस वर्षं टाकून दिली. दर वर्षी मोटारीखालच्या देहाला हार घालतो, पण मोटारीपुढे चालत गेलेला माणूस आपल्याला दिसत नाही. आणि खरं आपल्या तालुक्याचं जे आहे, ते त्या टाकून दिलेल्या भागातच आहे.

आपल्याकडच्या कोणत्या घरातून मुंबईला माणूस गेला नाही? कोरडवाहू जमीन, सावकाराचं देणं, एक भाऊ वावरात आणि एक गिरणीत, दिवाळी आणि यात्रेला गावाकडे येणारी ट्रंक, ही आंबेगाव-जुन्नरच्या निम्म्या घरांची गोष्ट आहे. मुंबईने ज्यांना घाटी म्हटलं ते हे लोक. एका गावचे गडी मिळून एक खोली भाड्याने घ्यायचे, पाळीपाळीने तिच्यात झोपायचे, गावच्याच कोणा बाईच्या खानावळीत जेवायचे. मुकादमाच्या वशिल्याशिवाय गिरणीच्या फाटकातून आत जाता येत नसे. बाबू गेनू या जगातले होते. ते कोणाच्या ओळखीने गिरणीत लागले, पगारातून घरी किती धाडायचे, काँग्रेसच्या स्वयंसेवकांत त्यांना पहिल्यांदा कोणी नेलं, हे प्रश्न विचारल्याशिवाय आपल्याला आपलाच माणूस कळणार नाही.

या प्रश्नांतला शेवटचा साधा नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिने संप झाला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्या संपातून उभी राहिली. पुढच्याच वर्षी, मार्च १९२९ मध्ये, सरकारने मीरत खटल्यात देशभरचे पुढारी पकडले. त्यांत डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर होते आणि खुद्द गिरणीत राबलेले आळवे आणि कासलेही होते. १९३० साली गांधीजी दांडीला गेले, मुंबई पेटली, देशसेविका संघाच्या बायका कापडाच्या दुकानांपुढे पिकेटिंगला उभ्या राहिल्या. पण गिरणगावातल्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी त्या वेळी काँग्रेसच्या चळवळीपासून अंतर ठेवलं होतं. देशी गिरणीमालकांचा विलायती कापडावरच्या बहिष्काराने फायदा होणार हेही उघड होतं. अशा वेळी एक गिरणी कामगार काँग्रेसच्या तुकडीत जातो. का जातो? मालकाच्या फायद्यासाठी खचितच नाही. रोज हाताखालून सूत आणि कापड जाणाऱ्या माणसाला मँचेस्टरचं कापड म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं. मला वाटतं, त्या मोटारीवरचे गठ्ठे तो अडवत होता तेव्हा कापडाची किंमत माहीत असलेला माणूस ते अडवत होता. हे माझं अनुमान झालं. ते खरं की खोटं हे ठरवायला जे शोधावं लागेल, तेच मी त्या पोरांकडे मागत होतो.

दुसरा आक्षेप बैठकीतल्या एका वयस्कर गृहस्थांचा. ते शांतपणे म्हणाले, "कागद काढाल तर त्यात अपघात लिहिलेला निघेल. सरकारी कागद तो. मग आपल्या हुतात्म्याचं काय राहिलं?"

ही भीती खोटी नाही. सरकारची बाजू अपघाताचीच होती. लोकांनी पिढ्यानपिढ्या सांगितलेली गोष्ट निराळी आहे: मोटारीच्या हिंदी चालकाने पुढे जायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने चाक हातात घेतलं आणि जाणूनबुजून मोटार अंगावरून नेली. दोन बाजू आहेत आणि दोन्ही एकाच रस्त्यावरच्या आहेत. आता विचार करा. हुतात्मा कशाने होतो? चाक फिरवणाऱ्याच्या मनात काय होतं यावर? तसं असेल तर हुतात्म्याचं मोठेपण मारणाऱ्याच्या हाती गेलं. बाबू गेनू स्वतःच्या पायांनी त्या रस्त्यावर गेले, मोटार थांबणार नाही हे दिसत असताना उठले नाहीत. हा निर्णय त्यांचा होता आणि जगातला कोणताही कागद तो खोडू शकत नाही. सार्जंटने मुद्दाम केलं असेल तर तो खून ठरेल, बेफिकिरीने केलं असेल तर बेफिकिरी ठरेल, आणि तो हिशेब इंग्रज सरकारच्या खात्यावर जाईल. बाबू गेनूंच्या खात्यात त्याने एक पै कमी होत नाही.

उलट कागद न काढण्याने काय होतं ते पाहा. आपण फक्त गोष्ट सांगत राहतो. समोरचा एखादा शिकलेला माणूस अपघाताची नोंद पुढे करतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं, फक्त राग असतो. त्या काळी मुंबई शहरात असा मृत्यू झाला की १८७१च्या कायद्याप्रमाणे कोरोनरपुढे चौकशी व्हायची, पंच बसायचे, साक्षी व्हायच्या. वर्तमानपत्रांचे बातमीदार तिथे हजर असायचे. फिरोजशहा मेहतांनी १९१३ साली काढलेलं 'बॉम्बे क्रॉनिकल' त्या वेळी राष्ट्रीय पक्षाचं मोठं इंग्रजी पत्र होतं, पुण्यात 'केसरी' होता, आणि काँग्रेसच्या गुप्त पत्रिका सायक्लोस्टाइल करून वाटल्या जात होत्या. डिसेंबर १९३०चे अंक उघडले की पोलीस काय म्हणाले, रस्त्यावरचे लोक काय म्हणाले, कोणाची साक्ष कशी बदलली, हे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतं. ज्याने दोन्ही बाजू वाचल्या आहेत तोच आपली बाजू ठामपणे मांडू शकतो. श्रद्धेला कागदाची भीती वाटावी इतकी ती तकलादू असू नये.

मग तिसरा आक्षेप, आणि हा सर्वांत जास्त ऐकू येतो: "राजेमहाराजांची दप्तरं असतात. गिरणी कामगाराचा कसला कागद सापडायचा?"

या म्हणण्याला मी २०२३ सालाची आठवण दिली. त्या वर्षी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी सबंध महाराष्ट्र तहसील कचेरीच्या दारात उभा राहिला. गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ती जन्ममृत्यूची वही, शाळांचे जुने दाखले, जमिनीची हक्कनोंद, हे सगळं कपाटांतून बाहेर आलं. मोडी वाचणाऱ्या माणसाला अचानक मान आला. पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, कुठल्या साली कोण वारलं, हे शेतकऱ्यांच्या पोरांनी स्वतः शोधलं. बैठकीला बसलेल्यांपैकी निदान चौघांनी आपापल्या घरासाठी ही धावपळ केलेली होती. गरज पडली तेव्हा गरिबाचा कागद सापडला. दाखल्यासाठी सापडतो तर ज्याचं नाव आपण छातीवर टी-शर्टवर छापून हिंडतो त्याच्यासाठी का सापडणार नाही? निदान शोधून पाहिल्याशिवाय "नाही" म्हणण्याचा हक्क आपल्याला येत नाही.

मात्र शोधायचं कसं हे कळायला हवं. गेनू हे वडिलांचं नाव, ज्ञानोबाचं आपल्या बोलीतलं रूप. आडनाव सैद. मुंबईच्या इंग्रजी कागदांत ते 'बाबू गनू' असंही लिहिलं गेलं आहे. आडनाव शोधत बसलेला माणूस तिथे हात हलवत परत येईल, आणि 'ज्ञानोबा' शोधणाऱ्याला गेनू दिसणार नाही. हे बारकावे मुंबईच्या संशोधकाला कदाचित लक्षात यायचे नाहीत. आपल्या आळीतल्या कोणत्याही आजीला ते माहीत असतात, कारण तिच्या ओळखीत अजून दोन गेनूआबा असतात. म्हणून मी म्हणतो की या कामाला लायक माणसं इथेच आहेत.

आता माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेला आक्षेप. तो बाबू गेनूंच्या मंडळात नाही आला. तो वर, डिंभे धरणाच्या पलीकडच्या डोंगरात, आदिवासी तरुणांच्या एका गटाशी बोलताना आला. त्यांना आपल्या गटाला होनाजी केंगले यांचं नाव द्यायचं होतं. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या जांभोरीचा हा महादेव कोळी वीर. १८७३ पासून त्याने सावकारांवर छापे घालायला सुरुवात केली, पुणे, नगर, नाशिकचा पश्चिम भाग आणि खालचं कोकण एवढ्या मुलखात त्याचा दरारा बसला. सरकारने त्याच्यावर हजार रुपयांचं इनाम लावलं, कर्नल स्कॉट आणि सिंक्लेअर यांच्या हाताखाली १७५ निवडक हत्यारबंद पोलिसांचं खास पथक धाडलं, तरी तीन वर्षं तो हाती लागला नाही. अखेर १८७६ साली पोलीस अधिकारी डॅनियल याने त्याला पकडलं. हे आपल्याला कुठून कळतं? १८८०च्या दशकात इंग्रजांनी काढलेल्या जिल्हा गॅझेटियरांतून. ते वाचून दाखवल्यावर एक तरुण उसळला: "शत्रूने लिहिलेलं आम्ही का वाचायचं? त्यात त्यांना दरोडेखोर म्हटलंय. सावकारांची नाकं कापली असं लिहिलंय. आमच्या माणसाला बदनाम करणारा इतिहास आम्हाला नको."

त्याचा राग मला समजतो. डोंगरातल्या माणसाबद्दल जे काही छापलं गेलं ते बहुतेक त्याला पकडायला आलेल्यांनीच लिहिलेलं. पण तोच कागद आपल्या बाजूने कसा बोलतो पाहा. ज्या सरकारला एक साधा चोर पकडायचा असतो ते सरकार १७५ निवडक पोलीस डोंगरात धाडत नाही. इनामाची रक्कम लावणाऱ्याच्या भीतीचं माप असते. पुढे, तेच गॅझेटियर सावकारांनाही सोडत नाही. त्यांचं व्याज, त्यांची लुबाडणूक आणि लोकांचा त्यांच्यावरचा संताप त्यात लिहिलेला आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्धचा उठाव पेटला आणि पुणे-नगरच्या गावोगावी पसरला. शेतकरी कर्जरोखे हिसकावून जाळत होते. त्या उठावाआधी दोन वर्षं होनाजी आपल्या डोंगरात उभा होता आणि त्याच्या छाप्यांनी लोकांच्या मनात धीर आला हेही इंग्रजांनीच नोंदवलं आहे. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. म्हणजे शाळेच्या पुस्तकात जो 'दख्खनचा उठाव' एका परिच्छेदात उरकतो, त्याची एक वाट जांभोरीहून येते. ही गोष्ट होनाजीचं नाव लावणाऱ्या पोरांना तोंडपाठ हवी. आणि ती ज्याच्यावर त्यांना राग आहे त्या कागदाशिवाय सांगता येत नाही.

नाकं कापण्याचं काय? ते क्रूर होतं. त्याला क्रूर म्हणायला मला संकोच वाटत नाही. पण ते का, हे विचारणं हाही इतिहासच. नाक कापणं म्हणजे अब्रू घेणं. ज्याने कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन घरांची अब्रू घेतली त्याला चारचौघांत तोंड दाखवता येऊ नये, हा त्यातला अर्थ. कृत्य समजून घेणं आणि त्याचं समर्थन करणं या दोन गोष्टी आहेत. त्यातली पहिली केल्याशिवाय होनाजीचा संताप आपल्यापर्यंत पोहोचत नाही, भिंतीवर फक्त मिशीवाला चेहरा राहतो. आणखी एक. गटाने पाटीवर 'होनाजी' लिहिलं. बरोबर केलं. सरकारने 'होन्या' म्हणून जो तुच्छपणा दाखवला तो आपण का चालवायचा? पण दप्तरात शोधायला जाल तेव्हा 'होन्या' म्हणूनच शोधा, इंग्रजीत तर त्याचाही 'होनिया' झालेला आहे. मान पाटीवर द्यावा, शोध कागदातल्या नावाने घ्यावा.

"हे काम प्राध्यापकांचं, आमचं नाही" असंही एक म्हणणं आहे. त्याला फार वेळ देत नाही. पुण्यात १९१० साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. शब्द लक्षात घ्या, त्यांनीही 'मंडळ'च म्हटलं होतं. राजवाडे कोणत्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवळांच्या कोनाड्यांतून, वाण्याच्या दुकानातल्या रद्दीतून कागद गोळा करत ते गावोगाव हिंडले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यातून निघाले. मंडळ हा शब्द आज आपण ढोलताशा आणि मिरवणुकीशी जोडून ठेवला आहे. मिरवणुकीला माझा विरोध नाही, मीही लहानपणी तिच्यात नाचलो. पण एका रात्रीच्या आवाजाच्या भिंतीला जो खर्च येतो त्यातून चार पोरं माळशेजमार्गे मुंबईला जाऊन आठवडाभर राहू शकतात. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. दादरला १८९८ सालापासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. अर्ज करावा लागतो, वाट पाहावी लागते, पण दार बंद नाही.

बैठकीत कोणीतरी वैतागून म्हणालं, "नाव राहिलंय हे काय कमी आहे?" हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो, कारण आपल्या मुलखात त्याची दोन उत्तरं डोळ्यांसमोर आहेत.

नाणेघाटात चढून गेलं की वर ती गुहा लागते. तिच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या. राजा सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी, कुमार, एक महारठी. आज त्या मूर्ती नाहीत. तुटून गेल्या, भिंतीपाशी थोडे अवशेष तेवढे. वर कोरलेली नावं मात्र वाचता येतात. दोन हजार वर्षांनंतर माणसं गेली आणि नावं राहिली. मग काय झालं? एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांच्यासारख्यांनी ती नावं आणि बाजूचा मोठा लेख वाचला, त्यात नागनिकेने केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा सापडल्या, आणि महाराष्ट्राच्या सर्वांत जुन्या राजघराण्याचा इतिहास उभा राहू लागला. नुसत्या नावांवरून माणसं परत आणता येतात, पण कोणीतरी ती वाचायला बसावं लागतं. त्याआधी शतकानुशतकं त्याच घाटाने बैलांचे तांडे वर आले, खाली गेले. नावं तेव्हाही भिंतीवरच होती.

दुसरं उत्तर आंबेगाव. आपल्या तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावला आहेत, नाव आंबेगावचं चालू आहे. आजच्या पाचवीतल्या मुलाला विचारा, आंबेगाव कुठे आहे? तो घोडेगावकडे बोट दाखवेल. गाव बुडाल्यावर नाव अधांतरी राहिलं. आणि त्या गावावर जे पाणी उभं आहे त्या जलाशयाला नाव दिलं आहे हुतात्मा बाबू गेनू सागर! एका हरवलेल्या गावावर एका हरवत चाललेल्या माणसाचं नाव. तिथून पुढच्या डोंगरात जांभोरी. हे सगळं एका नजरेच्या टप्प्यात आहे आणि तरी आपण म्हणतो की नाव राहिलंय तेवढं पुरे.

पुण्यात मंडईजवळ बाबू गेनूंच्या नावाचं गणेश मंडळ आहे. हजारो लोक रांग लावून दर्शन घेतात. मुंबईत डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मार्केट नावाची महापालिकेची इमारत होती. २७ सप्टेंबर २०१३च्या पहाटे ती कोसळली आणि एकसष्ट माणसं गेली. त्या दिवसांत प्रत्येक वर्तमानपत्रात बाबू गेनू हे नाव रोज येत होतं, एका दुर्घटनेचा पत्ता म्हणून. त्यात राहणारी माणसंही कष्टकरीच होती. नाव एकदा माणसापासून सुटलं की ते असं कुठेही जाऊन चिकटतं. ते माणसाला बांधून ठेवायचं काम कोणाचं? सरकारचं नाही. ज्यांनी ते आपणहून घेतलं त्यांचं.

शेवटचा आक्षेप बोलून दाखवला गेला नाही, कुजबुजला गेला. शोधायला गेलं की जात निघते, जात निघाली की मंडळ फुटतं. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलंच, "पण ते नेमके कोणत्या समाजाचे?" मी त्याला म्हटलं, अरे, तू आजवर विचारलेला हा पहिलाच प्रश्न आहे. तो कोणत्या खात्यात राबला, कोणाच्या शेजारी झोपला, कोणाबरोबर मोटारीपुढे गेला, यातलं तू काहीच विचारलं नाहीस. लोकांनी त्याला स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढ्यावर ओळखलं, आडनावाची गरज त्यांना वाटली नाही. गिरणगावाच्या त्या खोलीत गावानुसार माणसं एकत्र झोपत होती, त्या सकाळी काळबादेवीच्या रस्त्यावर निरनिराळ्या घरांतली पोरं एका झेंड्याखाली होती. खरा शोध घेतलास तर तुला जमावच सापडेल, आणि त्या जमावात तुझ्याही गावची दोन नावं असतील. मंडळ फुटतं ते अर्धवट माहितीने. एकजण व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीतरी पुढे ढकलतो, दुसरा त्याला चिडून उत्तर देतो, आणि दोघांनीही मूळ कागद पाहिलेला नसतो. पाहिलेला असता तर निदान भांडण खऱ्या गोष्टीवरून झालं असतं.

बैठक उठताना ठराव वगैरे काही झाला नाही. फ्लेक्सची साइज ठरली होती तीच राहिली. पोरं चपला शोधत होती, तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात बसलेला एक जण जवळ आला. म्हणाला, "आमचे पणजोबा पण त्याच सुमाराला मुंबईला होते, गिरणीत. त्यांची ट्रंक माळ्यावर आहे, आजी कोणाला हात लावू देत नाही. त्यात त्यांचे कागद असतील का?"

"विचार ना आजीला," मी म्हटलं.

त्याने तिथेच फोन लावला. आजी जागी होती. बराच वेळ तो "हां, हां" करत राहिला, मग फोन कानापासून दूर धरून मला म्हणाला, "कागद आहेत म्हणते. दोरीने बांधलेत. पण किल्ली मुंबईला थोरल्या काकांकडे आहे."